गिव्ह अप म्हणजे सोडणे

परवा सकाळी मळीवर उतरले. बरोबर कुणी नव्हतं, आणि ते बरंच होतं. बांधाच्या कडेनं खाली, मग एक घसरडं वळण, मग एकदम पायाखाली मऊ माती. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडं मळी म्हणतात. कराडच्या खाली कृष्णा जिथं जरा ऐसपैस पसरते तिथं आमची मळी आहे. आमची म्हणजे, त्या दिवशी दुपारपर्यंत आम्हां तिघा भावंडांची. दुपारनंतर ती एकट्या विलासची व्हायची होती.

आई आधीच गेली होती, आबा गेल्या पावसाळ्यात गेले. सातबाऱ्याला थोरली अक्का, मधली मी आणि धाकटा विलास अशी तिघांची नावं लागली, आणि आता आम्ही दोघी बहिणी कराडला जाऊन आपापला हक्क सोडून देणार होतो. आमच्याकडं हे असंच चालत आलंय. बहिणी सही करतात, भाऊ साडी देतो, भावजय पुरणाचा स्वयंपाक करते, आणि माहेरचं दार उघडं राहतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. माझा सांगलीत फ्लॅट आहे, क्लास आहे, गुडघे अजून चालतात. मी सही करून मोकळी होणार होते.

प्रश्न अक्काचा होता. तिला दिलंय जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या कडेला. तिकडं पाऊस पडला तर ज्वारी, नाही तर नुसती ढेकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. मळीतला हिस्सा म्हणजे तिच्या जन्मातली एकमेव ओली जमीन, आणि ती जाणार होती. विलासनं फोन करून ‘सही करायला ये’ म्हटलं, तशी ती आदल्या दिवशी एस.टी.नं आली, पिशवीत शेंगांची चटणी घेऊन. हो नाही, नाही नाही. चटणी किती तिखट झालीय तेवढं बोलली.

मी सांगलीत इंग्रजीचा क्लास घेते. पोलीस भरतीच्या, बँकेच्या परीक्षेच्या पोरी येतात, सकाळी मैदानावर पळून थेट क्लासला, घाम तसाच. गावाला निघायच्या आदल्या दिवशी फळ्यावर ‘गिव्ह अप’ लिहिलं होतं. गिव्ह अप म्हणजे सोडणे. समानार्थी शब्द क्विट, सरेंडर, पार्ट विथ, रिलिंक्विश. तासगावची एक पोरगी आहे, तोंडाळ आणि हुशार. ती म्हणाली, ‘मॅडम, सोडायचं ते सोडायचं. त्याला एवढे शब्द कशाला?’

‘इंग्रजांना विचार,’ मी म्हटलं. ‘परीक्षेत यातला एकच येतो. कुठला ते आधी सांगत नाहीत. पाठ कर.’

मळीवर उभी राहिले तर तेच शब्द डोक्यात घोळायला लागले. शिकवणाऱ्या बाईचं हे असं होतं. सुट्टी घेतली तरी फळा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आमची शाळा नदीपल्याड होती. जायला नाव. नावेला डांबराचा वास यायचा, आणि उन्हाळ्यात ते डांबर तापून परकराला चिकटायचं, मग घरी आईची बोलणी. नावाडी बोलायचा कमी आणि थुंकायचा जास्त. अक्का कडेला बसायची, हात पाण्यात सोडून, आणि पलीकडं पोचेपर्यंत कविता म्हणायची, पाठ झालेल्या आणि न झालेल्याही. अडली की मधल्या ओळी स्वतःच जोडायची. श्रावणात पाणी चढलं की नाव बंद व्हायची. मग घरात ओल्या गोवऱ्यांचा धूर, भिजलेल्या घोंगड्यांचा वास, आणि तव्यावर तडतडणारे चिंचोके. एका वर्षी पाणी उतरलं, नाव पुन्हा सुरू झाली, मी चढले, आणि अक्का काठावरच उभी राहिली. सातवी झाली होती तिची.

‘अक्का, चल की!’ मी ओरडले.

‘तू जा. मला हळदीतलं तण भांगलायचं हाय,’ ती म्हणाली.

बस्स. ना कुणी तिला शाळा सोड म्हटलं, ना ती सोडते म्हणाली. खताच्या पोत्याचं शिवलेलं तिचं दप्तर आईनं कांद्याचं बी ठेवायला घेतलं. मी नावेत तिच्या जागी जाऊन बसले. ती कडेची जागा चांगली होती, हात पाण्याला लागायचा.

हळद म्हणजे आमच्या घरचा सण होता. शिमग्याच्या आगेमागे ती काढायची. कुदळीनं गड्डे उपसले की माती आणि हळद मिळून एक वास यायचा, ओला, उग्र, नाकात ठाण मांडून बसणारा. मग रानातल्या झोपडीपुढं चुलाण पेटायचं. चुलाणावर माणूस बसेल एवढी काहील, तीत हळद, वर हळदीचाच पाला आणि ओली गोणपाटं. उकळी फुटली की अशी वाफ निघायची की पल्याडच्या काठाला कळायचं, यांची हळद शिजली. आता ट्रॅक्टरमागं लोखंडी पिंपं येतात आणि वाफेवर घटकाभरात काम उरकतं. परवाही शेजारच्या रानात असलं एक यंत्र फुसफुसत होतं. वास मात्र बेट्याचा तोच. तो नाकात गेला आणि मला उगाचच आपल्या हातांकडं बघावंसं वाटलं.

त्या दिवसांत महिना महिना आमचे तळवे पिवळे असायचे. भाकरीवर, वहीवर, पाण्याच्या तांब्यावर पिवळे ठसे. शाळेतल्या बाई म्हणायच्या, ‘काय गं, लग्न ठरलं का तुझं?’ अक्काच्या हाताला रंग माझ्यापेक्षा दाट बसायचा, कारण ती मला बाजूला सारून माझ्या वाटणीचंही काम ओढायची. ‘तू शाळंला जातीस. तुजं हात नगं खराब व्हायला,’ म्हणायची. मग मी झोपडीच्या मेढीला टेकून तिला गोष्टी वाचून दाखवायची. ऐकता ऐकता ती मध्येच म्हणायची, ‘हे आसं नसंल. पुना वाच.’ आणि खरंच माझी एखादी ओळ गळालेली असायची.

पोहायला आम्ही पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून शिकलो. डब्याचं तोंड लाखेनं बंद केलेलं असायचं, आणि तरी तो गळायचा. अक्काला डबा फार दिवस लागला नाही. ती सरळ पल्याड जायची आणि तिथल्या मळीतलं एक कलिंगड पाण्यात ढकलून परत यायची. कलिंगड पुढं तरंगतंय आणि मागं ही. मालक काठावरून शिव्या घालायचा, आणि पाण्यावरून त्या शिव्या अगदी स्वच्छ ऐकू यायच्या. आम्ही ते कलिंगड दगडावर फोडून खायचो, कोपरापर्यंत ओघळ.

मग एका उन्हाळ्यात अक्का नदीवर यायची ती फक्त धुण्याचं गाठोडं घेऊन. गुडघाभर पाण्यात उभी राहून धुणं आपटायची, आणि आम्ही डबे बांधलेली पोरं तिच्या अंगावर पाणी उडवायचो. ‘ये की गं,’ म्हटलं तर नुसती हसायची. आई वरनं ओरडायची, ‘तिला काय बोलिवताय? ती मोठी झालीया आता.’ मोठं झालं की नदीतून बाहेर यावं लागतं अशी माझी समजूत झाली, आणि मी जमेल तितके दिवस लहान राहायचं ठरवलं.

आमच्या घरात सोडायची रीतच होती म्हणा. आषाढ लागला की चातुर्मासासाठी प्रत्येकानं काहीतरी सोडायचं. नियम एकच, आवडीचं सोडायचं. शेजारची काकू दर साली कारलं सोडायची, आणि आई म्हणायची, ‘देवाला काय कळत न्हाई व्हय?’ आईनं स्वतः, मुलगा व्हावा म्हणून, वांगं सोडलं होतं. तेही कायमचं. कृष्णाकाठी राहून वांगं सोडायचं म्हणजे काय, ते कृष्णाकाठच्या माणसालाच कळेल. कोवळी काटेरी वांगी, शेंगदाण्याचं कूट भरून, वर तेलाचा तवंग. आई ती रांधायची, आम्हाला वाढायची आणि स्वतः ताटातली चटणी भाकरीला लावून खायची. वास मात्र घ्यायची. भगुल्यावरचं झाकण उचलून, डोळे मिटून, सावकाश. मी एकदा म्हटलं, ‘आई, वास घेतला म्हणजे थोडं खाल्लंच की.’ तर पाठीत असा धपाटा बसला की भाकरी हातातून उडाली.

विलास झाला. त्याच्या जावळाला बकरं कापायचं होतं. अक्काचं एक बोकड होतं, पिल्लू असल्यापासून पाटीखाली झाकून वाढवलेलं, काळं, एक कान पांढरा. ती भाकरीचा पापुद्रा काढून त्याला द्यायची आणि खालचं कोरडं स्वतः खायची. जावळाच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, ‘घरचं हाय की बोकड. इकत कशाला आणायचं?’ झालं. अक्कानं त्याच्या गळ्यातली घुंगराची दोरी सोडून घेतली आणि दावं आबांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी पंगतीत तिनं सगळ्यांना रस्सा वाढला. स्वतः दही-भाकरी खाल्ली आणि पित्त झालंय म्हणाली. क्लासमध्ये ‘पार्ट विथ’ शिकवताना मी पेनाचं उदाहरण देते.

आबा मिलिटरीत होते. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. काळी ट्रंक अंगणात ठेवून उघडली की बूटपॉलिश, डांबरगोळ्या आणि कँटीनच्या साबणाचा वास घरभर. त्या वासानं कोंबड्यासुद्धा दचकायच्या. ‘सरेंडर’ हा शब्द मी शाळेच्या आधी त्यांच्याकडून शिकले. दुपारी ते आईशी पत्ते खेळायचे, आणि हरायला आले की मिशीला पीळ देऊन म्हणायचे, ‘फौजी मरंल, पर सरेंडर करणार न्हाई!’ आणि पत्ते उधळून उठायचे. आई समोर जिंकलेली बसलेली असायची, हातात चांगली पानं तशीच. ती एवढंच म्हणायची, ‘चा टाकू?’ मग आबा खुशीत बाहेर जायचे, आणि बाजेखाली शिरून पत्ते गोळा करायचं काम अक्काचं.

तिचं लग्न झालं तेव्हा आमच्या मळीतलीच हळद तिला लागली. तिचे हात तसेही पिवळेच होते, त्यामुळं अंगाची हळद कुठं संपते आणि हाताची कुठं लागते ते कळत नव्हतं. एवढ्या लांब जतकडं का दिली, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारण्याएवढी मोठी नव्हते. पहिल्यांदा तिच्याकडं गेले तेव्हा एस.टी. पुढं जाईल तसं हिरवं कमी होत गेलं, आणि जत मागं पडल्यावर उरलंच नाही. लाल-करडा माळ, त्यावर मेंढरांचा कळप आणि लोकरीचा, लेंड्यांचा तो कोरडा वास. अक्का दारात उभी होती. तिच्या तोंडात कानडी बसली होती. शेजारणीला ‘बा, बा’, म्हणजे ये, ये, अशी हाक मारून तिनं मला दाखवलं, माझी बहीण आलीय, नदीकाठची.

‘आंघोळ कर, लांबनं आलीयास,’ म्हणून तिनं माझ्यापुढं बादली ठेवली. अख्खी बादली. ती बघायला शेजारच्या दोघीजणी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी न्हाले ते पाणी मोरीतून शेवग्याच्या आळ्यात गेलं, आणि अक्का आळ्यापाशी बसून ते कुठं वाया जात नाही ना ते बघत राहिली. दुपारी टँकरचा हॉर्न वाजला. गावातलं असेल नसेल ते भांडं घेऊन बाया पळाल्या, त्यांत अक्काही. मी तिला पळताना कितीतरी वर्षांनी बघत होते. परत आली, घागर उतरवली, पदरानं मान पुसली आणि पहिला प्रश्न हाच, ‘नदीला पाणी किती हाय गं आता?’

पुढं जितक्यांदा भेटली तितक्यांदा तिनं हे विचारलं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दहाव्याला. मी सांगलीची, तेव्हा मला नदीचं ठाऊक असणार असं ती धरून चालायची. मी काहीतरी ठोकून द्यायचे, घाटाच्या खालच्या पायरीला आहे, नाही तर वरच्या. तिचं समाधान व्हायचं.

परवा मळीवर माझी अशी तंद्री लागलेली असताना अक्काच वरून उतरताना दिसली. चपला हातात, साडी वर खोचलेली. त्या घसरड्या वळणावर ती माझ्यापेक्षा झोकात उतरली.

‘हितं बसलीयास व्हय? तिकडं चा गार झाला,’ म्हणाली, आणि परत फिरायचं सोडून माझ्या शेजारीच उकिडवी बसली. काढणी चाललेल्या वाफ्यातला एक गड्डा उचलला, अंगठ्यानं माती पुसली, मोडला, नाकाशी नेला. ‘औंदा पोसलाय चांगला.’

माझ्यानं राहवलं नाही. ‘हे बघ अक्का,’ मी म्हटलं, ‘तू सही केलीच पाहिजे असं काही नाही. कायद्यानं तुझा हिस्सा आहे.’

‘कायदा काय दिवाळीला मला न्ह्यायला येणार हाय?’ ती म्हणाली. ‘इलास येतुया. दर साली.’

ते खरंच होतं. एवढी वर्षं झाली, पण दर दिवाळीला विलास स्वतः गाडी घेऊन जतच्या पलीकडं जातो आणि तिला घेऊन येतो. एकदा ताप अंगात असताना गेला होता.

‘हितं येऊन चार दीस बसायला एक जागा हाय मला,’ अक्का म्हणाली. ‘ती घालवू? तुजं बरं हाय. तुला नदी रोज दिसती.’

मला तिचा राग आला. मग राग गेला आणि जीव तुटला. मोडलेल्या गड्ड्याचा तुकडा तिनं कनवटीला लावला आणि उठली. ‘चल. इलास खोळंबला आसंल.’

विलास गाडी पुसून तयार होता. तोही आबांसारखा फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, बोलणं मोठ्यानं, मन साधं. मागच्या सीटवर आमच्या दोघींच्या मध्ये त्यानं साड्यांची पिशवी ठेवली होती. ‘अक्का, तुला इरकल घेतलीया बघ. डाळिंबी. तुज्या आवडीची,’ तो आरशातून म्हणाला. ‘ताईला शहरी घेतलीया, ती नाक मुरडती न्हाई तर.’

‘कशाला एवढं केलंस रं,’ अक्का म्हणाली, आणि पिशवीत हात घालून तिनं काठ चाचपून बघितला. विलास वाईट माणूस नाही. त्याच्या पुढ्यात लहानपणापासून जे आलं ते आयतं वाढून आलं. हे ताट कुणाच्या पुढ्यातलं, असं विचारायची त्याला सवय नाही, एवढंच.

नोंदणी कार्यालयात गर्दी होती. झेरॉक्सच्या शाईचा, जुन्या कागदांचा आणि माणसांच्या घामाचा मिळून एक वास. बाहेरच्या बाकावर आमच्यासारख्याच बऱ्याच बहिणी बसलेल्या, कुणी नव्या साडीत, कुणी पिशवी मांडीवर घेऊन. एकमेकींना ‘कुठल्या तुमी?’ विचारणं चाललं होतं. कुणाची जमीन किती, हे कुणी विचारत नव्हतं. एकीनं अक्काला शेंगा दिल्या, अक्कानं तिला जतच्या उन्हाच्या गोष्टी सांगितल्या. आत नाव पुकारलं जायचं, एक उठून जायची, जरा वेळानं अंगठा पदराला पुसत बाहेर यायची.

आमची पाळी आली. अक्का थोरली, म्हणून तिचं नाव आधी. आम्ही तिघंही आत गेलो. अधिकारी तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. अक्कानं खुर्चीवर बसून पदर नीट केला, कॅमेऱ्याकडं बघितलं, फोटो निघाला.

‘दस्त वाचून दाखवलाय ना, मावशी? काय लिहिलंय ते कळलं?’

‘कळलं की.’

‘मळीतला तुमचा हिस्सा भावाच्या नावानं सोडताय.’

‘व्हय. सोडती.’

‘राजीखुशीनं ना?’

हा प्रश्न तो दिवसातून कितीदा विचारत असेल कुणास ठाऊक. विचारताना त्यानं वरही पाहिलं नाही, अंगठ्याच्या यंत्राची काच फडक्यानं पुसत होता. उत्तर ठरलेलं असतं. बायका हो म्हणायच्या आधीच अंगठा पुढं करतात. विलासनं अक्काचा हात धरून यंत्राकडं नेला.

‘मावशी?’

‘खुशी न्हाई,’ अक्का म्हणाली.

आमटीत मीठ नाही म्हणावं, तितक्या साध्या आवाजात. अधिकाऱ्यानं फडकं खाली ठेवलं. विलासचे कान लाल झाले.

‘अगं अक्का, नुस्तं व्हय म्हणायचं आसतं हितं,’ तो हळू आवाजात म्हणाला.

‘सोडती म्हणलं की मी. आंगठा घ्या, मी कुठं न्हाई म्हंतीया? पर खुशी हाय म्हणून खोटं कसं बोलू? न्हाई मला खुशी.’

अधिकाऱ्यानं एकदा विलासकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग तो अक्काला म्हणाला, ‘मावशी, खुशी नसेल तर मला हे नोंदवता येत नाही.’

‘आसं व्हय?’ अक्का म्हणाली. तिला ते खरंच माहीत नव्हतं. ‘मग आता वो?’

‘आता घरी जा. घरात बोला. मग बघू.’ त्यानं आमचा कागद बाजूला सारला आणि दारातल्या शिपायानं पुढचं नाव पुकारलं. मला काही विचारायची वेळच आली नाही.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांची धूळ आणि ट्रॅक्टरवरची गाणी. विलास दोन पायऱ्या उतरला आणि गर्रकन मागं वळला.

‘चारचौघांत माजी शोभा केलीस, अक्का. फोनवर बोललो तवा का न्हाई बोललीस? कालधरनं घरात हाईस, तवा बोलायचं हुतं!’

‘तू कवा इचारलंस?’ अक्का म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळं ते ऐकायला जास्त जड गेलं. ‘तू म्हणलास सही करायला ये, मी आले. खुशी हाय का म्हणून त्या सायबानं इचारलं. जल्माला आल्यापसनं मला हे कुणी इचारलंच न्हवतं रं, इलास. त्यानं इचारलं, तवा मलाबी कळलं, न्हाई म्हणून.’

आणि मग ती रडायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलत, भर रस्त्यात. मी तिला याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. मी तिचा दंड धरला. शेंगा दिलेली ती बाई बाकावरून उठून दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

विलास पिशवी हातात घेऊन उभा होता. बराच वेळ त्यानं रस्त्याकडं पाहिलं, मग बुटांकडं. खाकरला. मग खालच्या पायरीवरूनच त्यानं विचारलं, ‘वरल्या अंगाची घेतीस का खालच्या?’

मला पटकन कळलंच नाही तो काय म्हणतोय. तो मळीचं विचारत होता. अक्काला कळलं. तिनं पदरानं नाक पुसलं.

‘खालची.’

‘खालची पुरात जाती, अक्का.’

‘जाऊ दे की,’ अक्का म्हणाली. ‘पाणी उतारलं की निघती न्हवं?’